काळा दगड सगळीकडे सारखाच, मग त्यात संशोधन कसलं?

तुम्ही विचारलंय, ‘ठाण्यापासून पनवेलपर्यंत डोंगरात एकच काळा दगड दिसतो. भूवैज्ञानिक वर्षानुवर्षं त्यात शोधतात तरी काय?’ मी कळव्याचा. एम.एस्सी.ला याच दगडाचे नमुने गोळा केलेत, म्हणून सांगतो.

नुसत्या डोळ्यांना तो सारखाच दिसतो, हे खरं. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा वाहिला आणि थरावर थर साचत गेले. तोच आपला बेसाल्ट. महाबळेश्वरच्या बाजूला घाटात हे थर जवळपास आडवे आहेत. तिथे खालचा तो जुना, वरचा तो नवा, असा हिशेब सरळ लागतो. आपल्याकडे तसं नाही. पनवेलच्या आसपास थर पश्चिमेला, समुद्राच्या बाजूला कलले आहेत. याला ‘पनवेल फ्लेक्शर’ म्हणतात. त्यामुळे घाटात उंचावर असलेला थर इकडे पार खाली सापडू शकतो, आणि नुसत्या उंचीवरून ओळख पटत नाही. मग दगडालाच विचारावं लागतं.

तो सांगतो रसायनातून. मला सगळ्यात भावलेली खूण स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याची. रुबिडियम-८७ या किरणोत्सारी अणूचं अतिशय संथपणे स्ट्रॉन्शियम-८७ होतं. पृथ्वीच्या जुन्या ग्रॅनाइटी कवचात रुबिडियम भरपूर, त्यामुळे तिथे स्ट्रॉन्शियम-८७ साठत गेलेलं असतं. वर येताना लाव्हाने ते कवच वितळवून पोटात घेतलं, की स्ट्रॉन्शियम-८७ आणि ८६ यांचं गुणोत्तर वाढतं. या बेसाल्टच्या थरांचे गट पाडून त्यांना नावं दिली आहेत. त्यातल्या ‘आंबेनळी’ गटाच्या थरांत ते ०.७०४ च्या आसपास आहे, ‘बुशे’ गटाच्या थरांत ०.७१३ च्याही वर. दोन्ही दगड शेजारी ठेवले तर मलाही नुसतं पाहून फरक सांगता येणार नाही. पण एक खोलातून बराचसा निर्मळ वर आला आणि दुसरा वाटेतलं कवच खाऊन आला, एवढा वृत्तांत दुसऱ्या-तिसऱ्या दशांश स्थळावर लिहिलेला असतो. पहिल्यांदा हे समजलं तेव्हा रात्री झोप लागली नव्हती.

काम मात्र हातोड्यापासून सुरू होतं, आणि बहुतेक चुका तिथेच होतात. आपल्या पावसात दगड झिजतो आणि सोडियम, पोटॅशियम धुऊन जातं. माझे पहिले नमुने पारसिक डोंगराच्या उतारावरचे होते. बाहेरून टणक, आतून तांबूस. सरांनी सगळे बाद केले आणि ते बरोबरच होतं. टायटॅनियम, झिर्कोनियम, नायोबियम ही मूलद्रव्यं मात्र पाण्याने सहसा जागची हलत नाहीत, म्हणून भिस्त त्यांच्यावर. झिओलाइट हे पांढरं खनिज नंतर भरलेली भोकं टाळायची. भुकटी करतानाही जपावं लागतं. टंगस्टन कार्बाइडच्या भांड्यात दळलं तर टंगस्टन आणि कोबाल्ट त्यात उतरतं, म्हणून अकीक (अ‍ॅगेट) या कठीण दगडाचं भांडं वापरतात.

नवी मुंबईत तुर्भे-पावणेकडच्या जुन्या दगडखाणींचे कडे याच कारणासाठी मला मोलाचे वाटतात. सुरुंगाने फोडलेला ताजा दगड आपल्या दमट हवेत दुसरीकडे सहज मिळत नाही. तिथली खडी इमारतींत गेली, पण उरलेले कडे भराव घालून बुजवण्याआधी त्यांचे नमुने घेऊन ठेवायला हवेत असं मला मनापासून वाटतं.

तुम्हीही एखादा तुकडा घरी आणलात, तर कुठून, किती उंचीवरून आणि कड्यातला की सुटा पडलेला, हे त्याच दिवशी कागदावर लिहून त्याला चिकटवा. जागा माहीत नसेल तर कितीही महागडी चाचणी केली तरी तो कुठल्या थराचा, हे जुळवता येणार नाही.