जुन्या सीबी सेटच्या ट्रान्समीटरमधला रेझिस्टर आणि चोक जळलाय, तेवढेच बदलू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुन्या बाजारातून 40 चॅनेलचा, 12 व्होल्टवर चालणारा एएम सीबी (सिटिझन बँड, 27 मेगाहर्ट्झवर बोलायचा वायरलेस) सेट घेतला. ऐकायला छान येतं. गच्चीवर बांधलेली वायर अँटेना म्हणून जोडली, बोलायचं बटण दाबलं आणि आतून धूर आला. एक रेझिस्टर आणि एक चोक (कोअरवर गुंडाळलेली तारेची कॉइल) काळा पडलाय. सोलापुरात काम करून घ्यायचंय, तर हे दोनच बदलले तर चालेल का?

नाही चालणार. नवे टाकलेले पार्टही पहिल्याच दाबाला जातील. हे दोघे मार खाल्लेले आहेत. मारणारा बहुतेक वेळा शॉर्ट झालेला फायनल, म्हणजे अँटेनाला पॉवर देणारा शेवटचा ट्रान्झिस्टर असतो, आणि त्याला मारलं ते त्या गच्चीवरच्या वायरने. सेटचं आउटपुट 50 ओहमच्या लोडसाठी बनवलेलं असतं. एएमच्या मॉड्युलेशनमध्ये, म्हणजे रेडिओ लहरीवर आवाज चढवताना, फायनलच्या कलेक्टरवर पुरवठ्याच्या चौपट, म्हणजे 55 व्होल्टच्या आसपास शिखर जातं. लोड जुळत नसेल तर ते आणखी वर चढतं आणि ट्रान्झिस्टर फुटतो.

ऐकू नीट येतंय यावर विसंबू नका. बऱ्याच सेटमध्ये फायनलच्या कलेक्टरला ऐकतानाही पुरवठा असतो. फायनल शॉर्ट असेल तर एरवी सेट चालू करताच फ्यूज जायला हवा. पण चोक जळून तुटला की तो शॉर्ट पुरवठ्यापासून सुटतो, आणि सेट काही झालंच नाही असा वाजत राहतो. तुम्ही नवा चोक टाकला की शॉर्ट परत जोडला जाणार. चांगला आवाज एका बाबतीत मात्र दिलासा देतो: अशा सेटमध्ये स्पीकर आणि मॉड्युलेशन एकाच ट्रान्सफॉर्मरवर असतात. त्याचे वेढे आपसात शॉर्ट झाले असते तर स्पीकरचा आवाजही बारीक आणि फाटका आला असता. तो मोठा आणि स्वच्छ असेल तर ट्रान्सफॉर्मर बहुधा वाचलाय.

आता मोजमाप. सप्लाय काढून ठेवा. हीट सिंकला किंवा मागच्या पत्र्याला स्क्रूने कसलेला ट्रान्झिस्टर म्हणजे फायनल; त्यावर बहुधा सी2078 किंवा सी1969 लिहिलेलं असेल. त्याच्या अलीकडचा, फायनलला सिग्नल पुरवणारा लहान तो ड्रायव्हर. इथे एक सापळा आहे. सर्किटमध्येच बेस-एमिटर मोजलं तर मीटर जवळजवळ शून्य दाखवतो आणि बझर वाजतो, पण ट्रान्झिस्टर चांगला असू शकतो, कारण बेसकडून ग्राउंडला जाणारा छोटा चोक असतो आणि एमिटरही ग्राउंडलाच असतो. म्हणून ट्रान्झिस्टर पूर्ण बाहेर काढूनच तपासा. डायोड रेंजवर लाल प्रोब बेसला लावून कलेक्टर आणि एमिटर दोन्हीकडे 0.6 ते 0.7 व्होल्ट यायला हवं, उलट्या बाजूने काहीच नाही, आणि कलेक्टर-एमिटरमध्ये कोणत्याच दिशेने काही नाही. सी2078 आणि सी1969 मध्ये छापील बाजू समोर धरली की डावीकडून बेस, कलेक्टर, एमिटर. ड्रायव्हरही असाच काढून तपासा. फायनलसोबत तोही जातो. दोन्ही काढल्यावर फायनलच्या कलेक्टरचा पॅड ते ग्राउंड पुन्हा मोजा. अजून शून्याजवळ असेल तर तिथला एखादा सिरॅमिक कपॅसिटर फुटलाय.

मग बोर्ड बघा. रेझिस्टर जळाला तिथला बोर्ड कोळशासारखा काळा झाला असेल तर तो भाग वीज वाहून नेतो, आणि नवीन पार्ट बसवूनही गडबड चालूच राहते. ब्लेडने खरवडून मूळ रंग लागेपर्यंत काळं काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. ट्रॅक उचलला असेल तर बाजूने वायरची उडी द्या.

जळलेल्या रेझिस्टरचे पट्टे वाचता आले नाहीत तर तो किती ओहमचा हे अंदाजाने ठरवू नका. मॉडेल नंबरवरून सर्किट डायग्राम शोधा. जुन्या सीबी सेटचे बरेचसे इंटरनेटवर मिळतात. चोकचं नुसतं मीटरने तपासून भागत नाही. तारेवरचं एनॅमल जळून वेढे चिकटले तरी मीटर आधीसारखाच एक ओहमच्या आत दाखवतो. काळा पडलाय म्हणजे तो गेला. वेढे मोजत उलगडा आणि कोअर फुटला नसेल तर त्याच कोअरवर, त्याच जाडीच्या तारेने तेवढेच वेढे घ्या.

रेझिस्टर, डायोड, मायका (ट्रान्झिस्टरखाली घालायची, वीज न जाऊ देणारी पातळ चकती) हे सोलापुरात टीव्ही-ॲम्प्लिफायर दुरुस्तीवाल्यांकडे मिळून जाईल. आरएफ ट्रान्झिस्टरसाठी पुण्याची तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठा. सी1969 च्या नावाने नकली माल फार फिरतो. तो मीटरवर चांगला दिसतो, पण 27 मेगाहर्ट्झला जेमतेम वॉटभर देतो आणि तापून मरतो. परत घेईल अशाच दुकानातून घ्या. कोणी आयआरएफ520 टाकायला सांगेल. पायांचा क्रम जुळतो, पण त्या मॉसफेटच्या गेटला बायस, म्हणजे कायमचं ठरावीक व्होल्टेज लागतं आणि तुमच्या सर्किटमध्ये ते नाही. सर्किट बदलल्याशिवाय तो नीट चालणार नाही.

बसवताना ट्रान्झिस्टरची पाठ म्हणजेच कलेक्टर, हे लक्षात ठेवा. मायका, नवी थर्मल पेस्ट आणि स्क्रूला प्लास्टिकचा बुश लावा, आणि सोल्डर करण्याआधी पाठ ते पत्रा मोजून घ्या. बझर वाजता कामा नये. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, त्यामुळे वाळलेली जुनी पेस्ट तशीच ठेवू नका.

पहिल्यांदा चालू करताना अँटेना लावायचीच नाही. 220 ओहम, 2 वॉटचे चार मेटल ऑक्साइड रेझिस्टर समांतर जोडा: 55 ओहम, 8 वॉटचा डमी लोड (अँटेनाच्या जागी लावायचा लोड) तयार. तारेचे वाइंडिंगवाले रेझिस्टर इथे चालत नाहीत, ते या फ्रीक्वेन्सीला कॉइलसारखे वागतात. 13.8 व्होल्टच्या सप्लायच्या पॉझिटिव्हमध्ये कारच्या इंडिकेटरचा 12 व्होल्ट 21 वॉटचा बल्ब सीरिजमध्ये टाका. बटण दाबल्यावर बल्ब अर्धवट उजळला तर ठीक. पूर्ण पेटला तर लगेच सोडा, शॉर्ट अजून आहे. सगळं ठीक असेल तर बल्ब काढून सेटवर लिहिलेल्या रेटिंगचा, सहसा 2 अँपिअरचा, फ्यूज घाला. फ्यूजच्या जागी तार कधीही नको.

पॉवर मोजायला डमी लोडच्या सिग्नलच्या (ग्राउंड नसलेल्या) टोकापासून एक 1एन4148 डायोड, त्याच्या कॅथोडला ग्राउंडकडे 0.01 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि कपॅसिटरवर डीसी रेंजला मीटर. काही न बोलता बटण दाबा, दहा सेकंदांच्या आत सोडा. 20 व्होल्ट म्हणजे सुमारे 4 वॉट, 15 म्हणजे 2, 10 म्हणजे 1 वॉट. कमी आलं तर लगेच कॉइलचे गाभे फिरवू नका, आधी कलेक्टरवर व्होल्टेज पूर्ण येतंय का ते बघा. फिरवावेच लागले तर प्लास्टिकचा पेचकस वापरा आणि मूळ जागेची खूण करून ठेवा.

गच्चीवर त्या वायरऐवजी साधा डायपोल बांधा: प्रत्येक बाजू 2.63 मीटर, मध्ये 50 ओहमची आरजी58 केबल. अँटेना सेटशी किती जुळली हे दाखवणाऱ्या एसडब्ल्यूआर मीटरवर 1.5 च्या आत आणा. 3 च्या वर असेल तर बटण दाबूच नका. आपल्या देशात 2005 च्या नियमांप्रमाणे 26.957 ते 27.283 मेगाहर्ट्झ या पट्ट्यात 5 वॉटपर्यंत परवाना लागत नाही. तुमच्या सेटवरचे 1 ते 27 चॅनेल त्यात बसतात, 28 ते 40 बाहेर जातात. त्या वरच्या चॅनेलवर फक्त ऐका.