पहिलीच्या मुलांना 'माझं अंग, तुझं अंग' कसं शिकवायचं?

तुम्ही तासगाव तालुक्यात पहिलीच्या वर्गावर आहात. मुलं रांगेत एकमेकांच्या चड्ड्या ओढतात, संडासात डोकावतात, रागावलं तरी दोन दिवसांनी पुन्हा तेच. न घाबरवता काय शिकवावं, असं विचारलंय.

ताई, या वयात कुतूहल असतंच. 'घाणेरडा' मात्र म्हणू नका. पोराला वाटतं आपलं अंगच घाणेरडं, आणि पुढं खरंच काही घडलं तर ते तोंड उघडत नाही. हात थांबवा, हळू आवाजात "चड्डी ज्याची त्याची, ओढायची नाही" एवढंच म्हणा आणि कामाला लावा. संडासात एका वेळी एकच; सोबतचं मूल दाराबाहेर, पाठ करून.

'चांगला स्पर्श, वाईट स्पर्श' एवढ्यावर भागत नाही. सुई दुखते तरी ती चांगली, आणि वाईट स्पर्शाला कधी नुसत्या गुदगुल्या होतात, मूल हसतंही. म्हणून जागा सांगा: ओठ, छाती, शूची जागा, शीची जागा. तिथं कुणी हात लावायचा नाही, आपणही कुणाला लावायचा नाही. घरचं माणूस धुताना किंवा आईसमोर डॉक्टर तपासताना, एवढीच सूट. शब्द घरी आणि शाळेत एकच ठेवा. नाहीतर मूल सांगतं, "त्यांनी माझी चिमणी धरली," आणि ऐकणारा म्हणतो, "बरं, बस जागेवर."

परिपाठानंतर रोज 5 मिनिटं जोड्या लावा. एक हात अंतर मुलांना कवायतीतून माहीत असतंच. एकानं विचारायचं, "हात धरू?" दुसऱ्यानं 'हो' किंवा 'नको' म्हणायचं. 'नको' आलं की हात खाली, एक पाऊल मागं. कारण विचारायचं नाही. फिसकटतं ते इथंच: मूल हसत 'नको' म्हणतं, समोरचा ओढतोच, आणि आपण चेष्टा म्हणून सोडून देतो. हसत म्हटलेलं 'नको' सुद्धा 'नको'च. तुमच्यासाठीही हाच नियम, म्हणजे लाडानं गाल ओढणं बंद.

पालकसभेत वडापचा, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या खाजगी जीपचा, विषय काढाच. गर्दीत पोराला कुणाच्याही मांडीवर बसवतात. बसवायचं तर घरच्याच माणसाच्या. पाहुण्यांना पापी देण्याची सक्तीही नको, नमस्कार पुरे. ऊसतोडीच्या हंगामात वर्गात नवी मुलं आली की सगळं पुन्हा पहिल्यापासून घ्या.

'आईला सांगू नको' असं कुणी म्हटलं तर तेच आधी सांगायचं, हेही घोकून घ्या.

जबरदस्ती, धमकी, मोठ्या मुलाचा किंवा माणसाचा हात, वयाला न शोभणारी माहिती, यातलं काही दिसलं तर ते कुतूहल नव्हे. खोदून विचारू नका, "मग काय झालं?" एवढंच. मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसह लिहा. लैंगिक अत्याचाराची शंका आली तरी 2012 च्या पॉक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या) कायद्याच्या कलम 19 नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं म्हणून तुमची जबाबदारी संपत नाही, आणि गावकीत मिटवता तर येतच नाही. सल्ल्यासाठी 1098 हा मुलांच्या मदतीचा (चाइल्डलाइन) नंबर दिवसरात्र मोफत लागतो.