'बरी आहे मॅडम'

पुणे, मे २०२१

प्रिय पोरी,

'बरी आहे मॅडम.' तुझा मेसेज पोचला. मागच्या महिन्यात तू चौकशी केलीस तेव्हा मीही 'बरी आहे' एवढंच लिहिलं होतं, आणि घरात दोघं तापाने पडली होती, दर तासाला ऑक्सिमीटर लावत होते. तेव्हा तुझ्या 'बरी'वर माझा फारसा विश्वास नाही.

गेल्या वर्षी मार्चमध्ये करोनामुळे कॉलेज बंद झालं तेव्हा दोन ड्रेस घेऊन तू गावी गेलीस, पंधरा दिवसांसाठी. मग शेवटच्या वर्षाची परीक्षा. राज्य सरकार नको म्हणत होतं, यूजीसी सप्टेंबरअखेर घ्याच म्हणत होती, आणि २८ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाने परीक्षेशिवाय पदवी नाही म्हणेपर्यंत तुम्ही ना धड अभ्यासात, ना धड सुट्टीत. मला विचारशील तर त्या टांगणीने तुमचं जास्त नुकसान केलं. एम.ए.ला आलीस, तर फेब्रुवारीत कॉलेज उघडलं म्हणेपर्यंत पुन्हा बंद. आणि तू म्हणतेस, 'मीच आळशी झालेय.'

एक कबुली देते. नोव्हेंबरात ऑनलाइन तासांना मी तुझी गैरहजेरी मांडत होते. नंतर तुझ्या मैत्रिणीकडून कळलं, रेंज फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीजवळ. तिथे ओढणी डोक्यावर घेऊन तू बसायचीस, मधेच आवाज तुटायचा, आणि शेजारच्या काकू आईला विचारायच्या, 'पोरगी एवढा वेळ कुणाशी बोलते?' मला स्क्रीनवर दिसायचं ते फक्त तुझ्या नावाचं पहिलं अक्षर. त्या अक्षराला मी कामचुकार ठरवलं. चूक माझी.

आता झोपेचं. चारला झोपून बाराला उठतेस म्हणे. लवकर झोपायचा आटापिटा सोड, तो जमत नाही. उठायची वेळ धर. साडेसात म्हणजे साडेसात, रात्री डोळा कधीही लागो. चहा गच्चीत घे. शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं. सुरुवातीचे काही दिवस डोकं जड राहील, तरी दुपारी आडवी होऊ नकोस. फोन रात्री दुसऱ्या खोलीत. ज्या ग्रुपवर रोज 'भावपूर्ण श्रद्धांजली' येते तो म्यूट कर. काका गेल्याचं दुःख तुला आहेच, त्यात गावभराचं उशाशी नको.

'नाहीतरी घरीच आहेस' म्हणून आई स्थळं बघतेय, त्याबद्दल मी तिच्याशी बोलू का? तू हो म्हटलंस तरच.

आणि हे नीट वाच. जगणं नकोसं वाटलं, तसा विचार नुसता येऊन गेला, तरी त्याच दिवशी कुणाला तरी सांग. मला रात्री दोनला फोन केलास तरी चालेल. ओळखीच्या माणसाशी बोलणं अवघड वाटलं तर 'मनोदर्पण'ला लाव, ८४४८४४०६३२. केंद्र सरकारने गेल्या जुलैत विद्यार्थ्यांसाठीच सुरू केलंय, सकाळी आठ ते रात्री आठ. दोन आठवडे भूक-झोप अशीच राहिली तर डॉक्टरकडे जायचं, ताप आल्यावर जातो तसं. घरचे 'वेड लागलंय का' म्हणाले तर मला सांग, मी बघते.

हॉस्टेलचं क्वारंटाइन सेंटर केलं तेव्हा खोल्या रिकाम्या केल्या होत्या. तुझी पेटी तळमजल्यावर आहे, मी बघून आले. कुलूप शाबूत आहे.

रविवारी सहाला फोन करते. टाकीपाशी बस.

तुझी
मॅडम