सुट्या भागांची बंदुकीची तिजोरी: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: आमचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे, लिफ्ट लहान. माझ्या परवान्यावर बारा बोअरची दोन नळी बंदूक आणि ३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर आहे. बोल्टने जोडायची सुट्या भागांची तिजोरी घ्यावी की फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्यावी? (पुणे)

उत्तर: दोन्ही चालेल, पण आधी माप ठरवा. शस्त्र कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर साधारण परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात. म्हणून परदेशी जाहिरातींतल्या वीस-चोवीस बंदुकांच्या कपाटांकडे पाहायचं कारण नाही. दोन नळी बंदूक अखंड ठेवली तर ११५ ते १२० सेंटिमीटर भरते, म्हणजे आतली उंची १२५ हवी. पण ही बंदूक नळ्या, पुढचा लाकडी भाग आणि दस्ता अशी सुटी होते. सर्वांत लांब तुकडा नळ्यांचाच, ७१ ते ७६ सेंटिमीटरचा. रोज लागत नसेल तर सुटी करून ठेवा. तिजोरी ८५ सेंटिमीटरची पुरते, लाकडी कपाटाच्या आत बसते आणि पाहुण्यांच्या नजरेला पडत नाही. आमची पसंती यालाच.

अखंड बंदूक ठेवायचीच असेल तर वजनाचा हिशेब करा. ३ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचं वजन चौरस मीटरला साडेतेवीस किलो. १२५ × ५० × ४५ सेंटिमीटरच्या पेटीला सुमारे २.८ चौरस मीटर पत्रा लागतो, म्हणजे ६६ किलो. दार ५ मिलिमीटरचं केलं तर आणखी दहा. दार सोडलं तर एकेक बाजू मात्र तेरा ते पंधरा किलोचीच, त्यामुळे लिफ्टचा प्रश्न मिटतो. हाच फायदा आणि हाच धोका. ऐंशी-नव्वद किलोची जोडलेली पेटी दोन माणसं उचलून नेऊ शकतात. सुट्या भागांच्या तिजोरीचा खरा जोर जमिनीत गेलेल्या बोल्टमध्ये असतो. बोल्ट मारायची तयारी नसेल तर ती घेऊच नका.

फॅब्रिकेशनवाल्याला हे नेमकं सांगा. प्रत्येक बाजूची कड २५ ते ३० मिलिमीटर आत दुमडलेली हवी आणि जोड M8 च्या (८ मिलिमीटर जाड) ८.८ ग्रेडच्या, म्हणजे जास्त ताकदीच्या बोल्टने, दर १५० मिलिमीटरला. नट आतून वेल्ड केलेले, बाहेर एकही डोकं नको. बाजूच्या कडा एकमेकींवर चढलेल्या हव्यात, नाहीतर सांध्यात पहार घुसते. दाराच्या बिजागरीकडच्या कडेलाही आतून अडकणाऱ्या पट्ट्या हव्यात, म्हणजे बिजागरी कापली तरी दार निघत नाही. तयार तिजोरी घेताना ‘गेज’चा आकडा उलटा वाचायचा असतो: अमेरिकी मापात १४ गेज म्हणजे १.९ मिलिमीटर, १० गेज म्हणजे ३.४.

‘फायरप्रूफ’ या शब्दाला भुलू नका. आत जिप्सम बोर्ड असतो. त्याच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा पाणी असतं आणि ते वाफ होताना उष्णता अडवतं. पण बोल्टच्या सांध्यांमधून उष्णता आत शिरतेच, त्यामुळे इथे अखंड वेल्ड केलेली तिजोरी सरस. परवान्याची प्रत दुसरीकडेही ठेवा.

प्रश्न: टॉवरमधल्या फ्लॅटमध्ये जमिनीत बोल्ट मारायला बिल्डरने मनाई केली आहे. एवढं काय होतं? (ठाणे)

उत्तर: मनाई पाळा. स्लॅब पोस्ट-टेन्शन पद्धतीचा (आतल्या पोलादी तारा ताणून बसवलेला) असेल तर आतल्या एकेका तारेवर दहा टनांहून जास्त ताण असतो. ड्रिल तारेत गेलं तर माणूस जखमी होऊ शकतो आणि स्लॅबची ताकदही जाते. इमारतीच्या भिंती काँक्रीटच्या असतील (मिवान, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकत्र ओतायच्या पद्धतीत असतात) तर लेखी परवानगी घेऊन तिजोरी पाठीमागून भिंतीला बांधा. ड्रिल सळईला लागलं तर जोर करू नका, भोक ५० मिलिमीटर बाजूला घ्या. एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) भिंतीत फास्टनर, म्हणजे भोकात फुगून पकडणारा बोल्ट, फुगतो तसा ब्लॉक भुगा होतो. तिथे आरपार बोल्ट आणि पलीकडे १०० × १०० ची ६ मिलिमीटर जाड प्लेट हवी, तीही पलीकडची खोली तुमचीच असेल तर.

साध्या आरसीसी स्लॅबला M10 चे चार बोल्ट पुरतात. सगळ्यांत जास्त चुकते ती बोल्टची लांबी. दुकानात ७५ किंवा १०० मिलिमीटरचा फास्टनर हातात देतात. टाइल १० मिलिमीटर, खालचा मसाला ५० मिलिमीटर, म्हणजे तो फास्टनर बहुतेक मसाल्यातच बसतो. घट्ट लागतो, पण पहारेने सहज उपटतो. काँक्रीटमध्ये ६० मिलिमीटर जायला हवेत, त्यामुळे बोल्ट १४० ते १५० मिलिमीटरचा घ्या. टाइलला आधी हॅमर बंद ठेवून डायमंड बिटने भोक पाडा, मग हॅमर चालू करा. बिटवर चिकटपट्टी लावून खोली आखा. भोकातली धूळ काढली नाही तर फास्टनर पकडत नाही. खालच्या घराचे पंख्याचे पॉइंट कुठे आहेत ते विचारून घ्या, त्यांच्या वायरीच्या नळ्या याच स्लॅबमधून जातात. बाथरूमजवळच्या खोलगट भरावात बोल्ट अजिबात नको, तिथे विटांचे तुकडे आणि वॉटरप्रूफिंग असतं.

जागा भिंतीलगत, तुळईजवळ घ्या. घराचा स्लॅब चौरस मीटरला साधारण दोनशे किलो वापराचा भार धरून आखतात. बाल्कनीत तिजोरी नकोच.

प्रश्न: सुट्या भागांचा संच घरी आला आहे. गॅरेजच्या जमिनीवर ‘कापू नका, भोक पाडू नका’ असा शिक्का आहे. जोडणी कुठे आणि कशी करावी? (फ्रिस्को, टेक्सास)

उत्तर: तो शिक्का पोस्ट-टेन्शन स्लॅबचाच, टेक्सासमधल्या फुगणाऱ्या चिकणमातीमुळे तिकडे तो सर्रास असतो. गॅरेजचा नाद सोडा. तिथे ऊन, दमट हवा आणि उघड्या दारातून रस्त्यावरची नजर, तिन्ही आहेत. आतल्या कपाटाच्या खोलीत भिंतीचे लाकडी खांब शोधा (मध्यापासून मध्यापर्यंत सहसा १६ इंच) आणि तिजोरीच्या पाठीतून निदान दोन खांबांत ३/८ इंचाचे लॅग स्क्रू बसवा. लाकडात तीन इंच गेले पाहिजेत.

जोडणीला दोन माणसं लागतात. तळ ठेवून दोन्ही दिशांनी पाणसळ लावा. उंचसखल असेल तर लोखंडी पट्ट्या सारा; लाकडाची पाचर दबते. बाजू, पाठ आणि माथा लावताना बोल्ट फक्त हाताने फिरवा. मग समोरच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. फरक २ मिलिमीटरच्या आत आला की खालच्या कोपऱ्यापासून आलटूनपालटून आवळा. दार सर्वांत जड, ते शेवटी. दार आपोआप फिरत असेल किंवा कुलपाचे दांडे घासत असतील तर दार ठोकत बसू नका, तळ पिळला गेला आहे. भिंतीचे स्क्रू आवळल्यावर पुन्हा तपासा, कारण त्यांच्या ओढीनेही चौकट वाकते.

प्रश्न: पावसाळ्यात तिजोरीतल्या बंदुकीच्या नळीवर गंज चढतो. (चिपळूण)

उत्तर: बंदूक कातडी म्यानातून बाहेर काढा. कातडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेले क्षार लोखंडाला खातात. तिजोरीत छोटा आर्द्रतामापक ठेवा. आकडा ५० टक्क्यांच्या आसपास हवा. वीज असेल तर तळाशी गरम होणारी दांडी उत्तम, कारण गरम हवा वर चढते आणि आत कोंदटपणा राहत नाही. सिलिका जेल ठेवलं तर रंग बदलताच ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास सुकवा. दाराला फट असेल तर ते कोकणच्या हवेत झटपट भरतं, म्हणून आधी रबरी पट्टी लावा. हात लागला की घाम राहतो. ठेवण्याआधी तेलाच्या फडक्याने पुसा.

प्रश्न: डिजिटल कुलूप घ्यावं की चावीचं? घरात लहान मुलं आहेत. (नाशिक)

उत्तर: डिजिटल. चावी लपवली की मुलं शोधतातच. बॅटरी बाहेरून बदलता येणारी हवी, अल्कलाइन, वर्षाला एकदा बदलायची. नवा कोड दार उघडं ठेवूनच पाच-सहा वेळा तपासा. आणीबाणीची चावी तिजोरीच्या आत ठेवू नका. कोड परवानाधारकापुरताच राहिला पाहिजे, कारण परवाना नसलेल्याच्या ताब्यात शस्त्र जाणं हा गुन्हा आहे. बंदूक रिकामी करूनच आत ठेवा आणि काडतुसं वेगळ्या कुलपाच्या लहान पेटीत.