वाचकांचे प्रश्न: आकाशातला हिरवट उजेड

प्रश्न: सर, स्पेस स्टेशनवरून काढलेल्या फोटोत पृथ्वीभोवती हिरवट पट्टा दिसतो, तो ऑरोरा (ध्रुवीय प्रकाश) का? आणि त्यात म्हणे गुरुत्व लहरी दिसतात, म्हणजे हिंगोलीत लायगो ही गुरुत्वीय लहरी शोधणारी वेधशाळा होतेय, त्याच का? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: नाही, दोन्ही वेगळं. तो एअरग्लो, म्हणजे वरच्या हवेचा स्वतःचा मंद उजेड, ऑरोरासारखा फक्त ध्रुवांकडेच नाही तर रोज रात्री सगळीकडे असतो, दिवसा ऊन ऑक्सिजनचे रेणू फोडतं आणि रात्री ते अणू परत जुळताना साधारण 97 किमीवर हिरवा उजेड पडतो, लाल त्याच्याही वर, 250 किमीच्या आसपास. आणि या लहरी हवेच्याच, लायगो शोधतं त्या अवकाशातून येणाऱ्या लहरी नव्हेत. वादळी ढग उसळले किंवा वारा डोंगराला धडकला की हवा वरखाली हलायला लागते, आणि वर हवा विरळ होत जाते म्हणून लाट मोठी होत एअरग्लोच्या थरापर्यंत पोहोचते, खरंच भारी आहे हे! तुमच्या शेजारी कोल्हापुरातच भारतीय भूचुंबकत्व संस्थेने ऑल-स्काय (सगळं आकाश एकदम टिपणाऱ्या) कॅमेऱ्याने हे टिपलंय. फिशआय लेन्स, एकाच रंगाचा फिल्टर, अंधारी निरभ्र रात्र, मग फोटोत तळ्यातल्या तरंगांसारखे पट्टे सरकताना दिसतात. पावसाळ्यात मात्र ढगांमुळे काम बंदच.