माणसं घटली, युनिटं वाढली, उत्पादकतेचं काय?

प्रश्न : मी संगमनेरला एम.कॉम. करतो. प्रकल्पासाठी वीज वितरण घेतलंय. दर कर्मचाऱ्यामागे विकलेली युनिटं वर्षागणिक वाढताना दिसतात. म्हणजे उत्पादकता वाढली, असं लिहू का? सर म्हणतात लिही, पण मन घेत नाही.

उत्तर : लिहू नका. सर रागावले तर हे उत्तर दाखवा. माझी सगळी नोकरी वीज वितरणाच्या हिशेब खात्यात गेली. या भागाकारावर टाळ्या घेणारे साहेब मी पुष्कळ पाहिले.

आधी छेद, म्हणजे कर्मचाऱ्यांचा आकडा, तपासा. मीटर रीडिंग, बिलवाटप, उपकेंद्रावरचे ऑपरेटर अशी बरीच कामं कंत्राटावर गेली. ही माणसं पटावर नसतात, त्यांचा पैसा भलत्याच शीर्षाखाली पडतो. पट आटला की भागाकार आपसूक फुगतो. खांबावर चढणारा चढतोच आहे. तेव्हा डोकी मोजू नका. पगार, कंत्राटं, दुरुस्ती आणि तारा-रोहित्रांत अडकलेलं भांडवल, सगळं एकत्र धरा आणि महागाई काढून टाका. आणखी एक, २००५ च्या आधीचे आकडे जोडू नका. तोवर राज्य वीज मंडळ एकच होतं, निर्मिती-पारेषणाची माणसंही त्यातच.

आता अंश, म्हणजे विकलेली युनिटं. खरी मेख इथे आहे. गावठाण आणि शेतीचे फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या लाइनी, वेगळे केले तेव्हा अकरा केव्हीची नवी लाइन ओढली, खांब पुरले, ब्रेकर बसवले. खर्च वाढला, युनिटं त्या मानाने जागच्या जागी. युनिटं एकूण खर्चाने भागली, तर उत्पादकता घसरली! पण आधी शेतीचं भारनियमन सुरू झालं की गावही अंधारात जायचं. नंतर पिठाची गिरणी चालू राहिली. ते कुठल्या रकान्यात मांडणार? जाळ्याच्या धंद्यात जोडलेले ग्राहक, लाइनची लांबी, कमाल मागणी, वीज किती वेळ गेली, हे सगळंच उत्पादन. छतावर सोलर बसवणारा युनिटं कमी घेतो, पण तार त्याला लागतेच.

शिवाय युनिटं तरी खरी कुठे? कितीतरी कृषिपंपांना मीटर नाही, बिल हॉर्सपॉवरवर. समजा, फीडरवर शंभर युनिटं सोडली आणि पंपांनी सत्तर वापरली. अंदाज पंच्याऐंशीचा धरला की गळती तीसवरून पंधरावर! तारेला हातही न लावता.

हा वाद नुसता पुस्तकी नाही. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ स्टीफन लिटलचाइल्ड यांनी १९८३ मध्ये ब्रिटिश टेलिकॉमसाठी दराचं सूत्र सुचवलं: दरवाढ महागाईइतकी, त्यातून 'एक्स' वजा. खाजगीकरणानंतर तिथल्या वीजवितरणालाही ते लागलं. एक्स म्हणजे, ढोबळमानाने, कंपनीने दरवर्षी दाखवायची कार्यक्षमतेतली वाढ. तो अर्ध्या टक्क्याने हलला तरी ग्राहकाचं बिल हलतं. मग कंपनी आपली वाढ कमीच दाखवणार, नाही का?

तुमच्यापुरतं सांगतो. वीज नियामक आयोगापुढच्या दरयाचिका, म्हणजे दर ठरवून घेण्यासाठी कंपनीने केलेले अर्ज, काढा. ग्राहक, लाइन, खर्च त्यांत मिळतील. भिवंडीची तुलना गडचिरोलीशी करू नका. एका ठिकाणी किलोमीटरभर तारेवर यंत्रमाग खेटून बसलेत, दुसरीकडे जंगल ओलांडून पाड्यावर चार घरं. कंपनीचं एकच परिमंडळ, म्हणजे एकच प्रादेशिक भाग, घेऊन वर्षावर्षांची तुलना करा. आणि गणित दोनदा मांडा, एकदा शेतीची युनिटं धरून, एकदा वगळून. दोन उत्तरं फारच लांब गेली, तर प्रकल्पाचा विषयच बदला: शेतीचा वापर ठरवतात कसा, हा घ्या.