डांक भिजला की खडा मेला

प्रश्न : पॅरिसमध्ये घेतलेला फुलांच्या घाटाचा संच आहे. हार, कानातले आणि ब्रोच. विकणाऱ्याने अठराव्या शतकातला सांगितला. चांदीच्या कोंदणात पांढरे-गुलाबी खडे आहेत, काही काळवंडलेत. रिठ्याच्या पाण्यात धुवावा का?

उत्तर : मुळीच नाही. आधी दागिना उलटा करून पाहा. त्या काळची कोंदणं मागून बंद असत आणि खड्याखाली पातळ पत्र्याचा डांक बसवत, आपल्या कुंदनकामात असतो तसाच. पांढऱ्या खड्याला चांदीचा, फिकट टोपाझला गुलाबी करायला रंगीत. मेणबत्तीच्या उजेडात खडा पेटायचा तो या डांकामुळे. कडेच्या फटीतून पाणी शिरलं की डांक काळा पडतो, रंग उतरतो; मग वरून कितीही पुसा, उपयोग नाही. तुमचे खडे बहुधा असेच गेले आहेत.

धूळ मऊ, कोरड्या ब्रशने काढा. फारच मळ असेल तर कापसाची काडी ओली करून घट्ट पिळा, फक्त पैलूंवरून फिरवा आणि लगेच टिपा. चांदीचं पॉलिश आणि अल्ट्रासॉनिक यंत्र वर्ज्य. खड्याच्या मध्यभागी काळा ठिपका दिसला तर तो मळ नव्हे. खड्याच्या खालच्या टोकाला तो मुद्दाम लावत.

प्रश्न : ब्रोचमधलं मोठं फूल डुगडुगतं. झाळून घट्ट करावं का?

उत्तर : डुगडुगायलाच हवं! खाली तारेची स्प्रिंग असते. बाई हलली की फूल थरथरावं, हीच तर तेव्हाची हौस. झाळलं तर उष्णतेने स्प्रिंगचा ताण जातो, फूल मान टाकतं आणि डांकही करपतो. स्प्रिंग रिव्हेटने किंवा स्क्रूने बसवलेली असेल तर तशीच, आच न लावता बदलून घ्या.

प्रश्न : खडे हिऱ्याचे की काचेचे?

उत्तर : दहापट भिंगातून कडा बघा. काचेच्या झिजून बोथट होतात, हिऱ्याच्या धारदार राहतात. काच हवी तशी कापता येते, म्हणून तिचे खडे एकमेकांना अगदी खेटून बसवत. हिऱ्यांमध्ये चांदी जास्त दिसते. काच निघाली तरी हिरमुसू नका. शिशाच्या काचेचे खडे करणारा जॉर्ज फ्रेडरिक स्ट्रास १७३४ साली फ्रान्सच्या राजाचा जवाहिऱ्या झाला होता. शिवाय फॅशन बदलली की हिरे उपटून नव्या घाटात बसवत, काचेच्या वाटेला कोणी जात नसे. म्हणून अस्सल जुने संच काचेचेच जास्त उरले.

मात्र कोंदण मागून उघडं आणि चांदीला आतून सोन्याचा पत्रा असेल, तर तो संच बहुधा एकोणिसाव्या शतकातला.